हवेली पडद्यावर गेली तेव्हा

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला ११ ऑक्टोबर १७२४ रोजी एकाच मोगल बादशाहीचे दोन मातब्बर एकमेकांना भिडले. निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान. प्रश्न होता दख्खनच्या सुभ्याचा. मुबारिझखान मारला गेला, निजामाने दख्खन घेतलीच, वर गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा केलं. जो जिंकेल त्याचं सगळं, हरणाऱ्याचं घरसुद्धा नाही.

हाच दरबारी कायदा नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी गाण्याला लावला आणि ‘कट्यार काळजात घुसली’ उभं राहिलं. त्यांचं विश्रामपूर काल्पनिक. तिथे गायकीच्या सामन्यात जो जिंकेल तो राजगायक. हवेली त्याची, मानही त्याचा आणि एक खून माफ असलेली कट्यारही त्याचीच. पंडित भानुशंकर हरतात, खाँसाहेब आफताब हुसेन हवेलीत राहायला येतात आणि पंडितजींची गायकी शिकायला आलेला सदाशिव नेमका त्याच हवेलीच्या दारात उभा राहतो. लढाई दोन घराण्यांची. तलवार नाही, तान आहे.

२४ डिसेंबर १९६७ रोजी ‘नाट्यसंपदा’ने हे नाटक रंगमंचावर आणलं, तेव्हा संगीत नाटकाची सद्दी ओसरून बराच काळ लोटला होता. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने सुरू झालेला थाट बोलपटाने मोडला. काही नाट्यकलावंत स्वतःच पडद्याकडे वळले. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’त हरिश्चंद्र झाले. मास्टर दीनानाथांच्या बळवंत मंडळीने १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ काढला. बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले, पुरुषवेषात. मग १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’त त्यांनी पडद्यावरही स्त्रीभूमिका केली, आणि ती लोकांच्या गळी उतरली नाही. पन्नाशीला टेकलेले गंधर्व रंगमंचावर अजून रुक्मिणी दिसत, कारण मधे अंतर होतं आणि कानात सूर होता. कॅमेऱ्याने ते अंतर काढून घेतलं. नाट्यसंगीताचे पुढचे बहुतेक चित्रपट याच खडकावर आपटलेले दिसतात.

‘कट्यार’मध्ये गाणं सजावटीला नव्हतं, तीच नाटकाची गोष्ट होती. चाली गोव्याच्या मंगेशीत जन्मलेल्या जितेंद्र अभिषेकींच्या. ‘मत्स्यगंधा’ने त्यांचं नाव आधीच झालं होतं. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद त्यांनी दोन चेहऱ्यांनी उभं केलं. एक धानीतलं ठाय, पंडितजींच्या वळणाचं; दुसरं सालगवरालीतलं, झपाट्याचं, खाँसाहेबांचं. शब्द तेच आणि स्वभाव दोन. दोन घराण्यांतला फरक संवादात सांगायला पानं लागली असती, इथे श्रोत्याला तो दोन मिनिटांत कळतो. मराठी रंगभूमीवर चालीने नाटककाराचं काम इतकं हलकं केल्याची उदाहरणं थोडी.

खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे. जन्म वऱ्हाडातल्या मूर्तिजापूरचा, गाण्याची सुरुवात नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे, पुढे लाहोरला असद अली खाँ, मग सुरेशबाबू माने, अमान अली खाँ. अनेक वर्षं लष्करी हिशेबाच्या खात्यात नोकरी. कुठल्याच एका घराण्यात न बसणाऱ्या या माणसाच्या वाट्याला घराण्याच्या अभिमानाने पेटलेला उस्ताद आला आणि तो त्यांनी असा गायला की पुढे त्या भूमिकेचं मोजमाप वसंतरावांनीच व्हायला लागलं. समोर पंडितजींच्या भूमिकेत भार्गवराम आचरेकर, सदाशिव झालेले प्रसाद सावकार. सगळे गाणारे, तेही समोर बसलेल्या प्रेक्षकांसमोर, त्या रात्रीच्या गळ्याने.

नाटकाचा दोषही इथेच आहे. प्रेक्षक वन्समोअर मागत, गायक देत, आणि कथा पेटीच्या बाजूला जाऊन बसे. पंडितजींची उमा आणि खाँसाहेबांची झरीना या दोन मुलींच्या मनातलं फार काही रंगमंचावर येत नाही. पूर्वेतिहास बराचसा बोलण्यातून कळतो. आज संहिता नुसती वाचली तर ती विरळ वाटते. गायक कमी पडला तर प्रयोगही तसाच वाटत असणार.

रेल्वेपासून दूर, साखरखेर्ड्यासारख्या बुलढाण्याच्या घाटावरच्या गावांना असे प्रयोग सहज मिळत नव्हते. तबकड्यांनी आणि आकाशवाणीने पदं पोचवली, नाटक नाही. ‘सुरत पिया की’ तोंडपाठ असलेल्या कितीतरी घरांत सदाशिव कोण हे कुणाला सांगता आलं नसतं.

ते काम चित्रपटाने केलं. १२ नोव्हेंबर २०१५ रोजी सुबोध भावे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट आला. नाटक त्यांच्या हातचं होतं. २०१० साली वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि अभिषेकींचे शिष्य महेश काळे यांच्यासह त्यांनी ते पुन्हा रंगमंचावर आणलं होतं. चित्रपटाने वन्समोअरचा रोग मुळातून काढला. पदं छाटली, कथेला वेग दिला. नाटकाने संवादांवर सोडलेला काळ समोर घडवला: पंडितजी आणि खाँसाहेबांची पहिली ओळख, वर्षामागून वर्षं हरण्याची खाँसाहेबांची तडफड, पंडितजींचा गळा घालवणारा शेंदराचा डाव. खाँसाहेबांची चीड कुठून आली हे कळतं, आणि सचिन पिळगावकरांनी ती चेहऱ्याने नेमकी धरली आहे. झरीना झालेल्या अमृता खानविलकर आणि उमा झालेल्या मृण्मयी देशपांडे यांच्या वाट्यालाही नाटकातल्यापेक्षा मोकळी जागा आली.

शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी अभिषेकींच्या शेजारी बसवायची हा जुगारच होता. ‘सूर निरागस हो’ अंगावर येत नाही, ‘मनमंदिरा’ कथेतून उगवतं. ‘अरुणि किरणी’ने महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. कव्वाली मात्र देखणी असूनही विश्रामपूरची वाटत नाही, हिंदी पडद्यावरून पाहुणी आल्यासारखी वाटते.

खरी फट सामन्यात आहे. पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच्या गळ्याने गातात. खाँसाहेबांचे ओठ सचिनचे, आवाज राहुल देशपांडेंचा. सदाशिवाचा चेहरा भाव्यांचा, गळा काळ्यांचा. २०१०च्या प्रयोगांत राहुल स्वतः खाँसाहेब होते, इथे त्यांचा फक्त आवाज उरला. गाणं उत्तम आहे, पण स्टुडिओत पक्कं झालेलं. पडद्यावर कुणाचीही तान चुकण्याची शक्यता नाही, आणि ज्या खेळात कुणी चुकूच शकत नाही त्या खेळात कोण जिंकलं हे सांगायला राजाच्या चेहऱ्याचा आणि टाळ्यांचा आधार घ्यावा लागतो. कॅमेरा तेच करतो: सुराऐवजी ऐकणाऱ्यांचे डोळे दाखवतो. नाटकात पदं लांबत हे खरं, पण त्या लांबीतच गायकाची कसोटी होती. चित्रपटाने एक कापलं तेव्हा दुसरंही गेलं.

दुसरी तक्रार समजावून सांगण्याच्या हौसेची. खुद्द कट्यारच रितेश देशमुखांच्या आवाजात गोष्ट सांगते, जिथे दोन ‘घेई छंद’ पुरेसे होते तिथेही. शेंदूर इतका ठळक दाखवल्याने दोन थोर गायकींचा झगडा सज्जन आणि कपटी यांच्या बाजूला कलतो. दारव्हेकरांना तो तसा सरळ नको असावा; त्यांच्या खाँसाहेबांची विद्या अस्सल आहे, म्हणूनच सदाशिवाला चोरून का होईना ती हवीशी वाटते.

त्याच दिग्दर्शकाने आणि त्याच संगीतकारांनी जानेवारी २०२५मध्ये ‘संगीत मानापमान’ आणला. १९११चं खाडिलकरांचं ते नाटक मान आणि धन यांच्या भांडणाचं आहे. धैर्यधर आणि भामिनी गातात, पण गायक म्हणून नव्हे. पदं बदलली, कापली तरी भामिनीचं मन वळतंच. ‘कट्यार’मधली पदं काढली तर खाँसाहेबांना हरायला आणि सदाशिवाला शिकायला काहीच उरत नाही.