एका पैशाचा गांजा

जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून मी १९८८ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याला आलो. भाड्याची खोली मिळाली ती एका बंगाली म्हाताऱ्याच्या घराला लागून. सगळे त्याला दादू म्हणत, मीही म्हणू लागलो. मी त्याचा ‘मास्टरमशाय’. खुलन्याकडचं गाव सोडून रायपूरजवळच्या माना छावणीत आणि तिथून या जंगलात, असा त्याचा प्रवास. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या अशा कितीतरी कुटुंबांना सरकारनं इथं जमीन दिली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हताच. तो १९८२ साली चांद्यातून, म्हणजे चंद्रपुरातून, वेगळा झाला.

एका संध्याकाळी दादूकडे त्रिनाथाची पूजा होती. ब्रह्मा, विष्णू, महेश तिघांची एकत्र. थाटमाट काही नाही. मी म्हटलं, “दादू, एवढ्यात उरकलं?” तो हसला. “मास्टरमशाय, तीन पैशांचा देव आहे हा. एका पैशाचं तेल, एका पैशाची पान-सुपारी आणि एका पैशाचा गांजा. गांजा आता कुठं आणायचा?”

तो एक पैसा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. निवृत्तीनंतर इंग्रजांच्या काळातले अहवाल चाळताना तोच देव मला छापील पानावर भेटला. १८६७ साली ढाक्याजवळच्या धामराईत, सासऱ्याच्या घरी, आनंदचंद्र काली नावाच्या एका गंजेडी माणसानं ही पूजा सुरू केली असं तिथं लिहिलं आहे. मजुरी आटोपल्यावर रात्री करायची, गरिबाला परवडेल अशी पूजा.

ही नोंद आहे १८९४ सालच्या हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात. त्याआधीच्या वर्षी डब्ल्यू. एस. केन या खासदारानं ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाविषयी प्रश्न विचारला. केन दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. (आमच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली ती शंभर वर्षांनी, १९९३ साली. ती किती पाळली जाते ते इथल्या कोणालाही विचारा.) प्रश्न बंगालपुरता होता, पण त्यावरून नेमलेल्या या कमिशनची चौकशी सगळ्या हिंदुस्थानभर झाली. सात सभासद, अकराशेच्या वर साक्षीदार आणि जाडजूड सात खंड.

मला त्यात सर्वात आवडला तो वेड्यांच्या इस्पितळांचा भाग. गांजानं माणूस वेडा होतो, असं जो तो म्हणत होता आणि पुरावा म्हणून इस्पितळांची रजिस्टरं दाखवत होता. कमिशननं ती एकेक केस उकलून पाहिली. निघालं काय, तर वेडाचं कारण लिहायच्या रकान्यात पोलिसानं किंवा कारकुनानं चौकशी न करताच ‘गांजा’ भरलेला. रकाना रिकामा ठेवला तर वरून विचारणा होते ना! तीस वर्षं शाळेची पत्रकं भरली असल्यानं मला या कारकुनाचा राग येत नाही, कीवच येते. कमिशननं निष्कर्ष काढला की बेतानं घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अतिरेकानं होतो. सरसकट बंदी नको. दोन हिंदी सभासदांना ते पटलं नाही. त्यांतले एक ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, राजशाही जिल्ह्यातले. गांजा पिकवणारं नौगाव त्याच जिल्ह्यात.

बंदी नको, पण मोकळीकही नको, आणि माझ्या मते खरी गोम इथंच आहे. कमिशनचं म्हणणं असं की लागवड परवान्यानं आणि ठरावीक टापूतच व्हावी, माल सरकारी गोदामात पडावा, त्यावर नीट कर बसावा. मध्य प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातल्या खंडवा तहसिलीपुरतीच उरली होती. आमचा तेव्हाचा चांदा जिल्हा मध्य प्रांतातच. म्हणजे इथल्या माणसानं आपल्या सांदवाडीत झाड लावायचं नाही. पार खंडव्याहून आलेला माल परवान्याच्या दुकानातून विकत घ्यायचा. लोकांच्या तब्येतीची काळजी हे कारण पुष्कळ नंतरचं. परसातलं झाड आधी उपटलं ते तिजोरीनं.

नौगावला तर १९१७ साली गांजा पिकवणाऱ्यांची सहकारी संस्थाच निघाली. आणि लागवड तरी सोपी होती का? पिढ्यान्‌पिढ्या तेच पीक घेणारे शेतकरीसुद्धा नर झाडं हुडकून काढायला ‘पोद्दार’ बोलावत. त्याचा हात फिरल्याशिवाय पिकाला भाव नाही.

पुढं १९६१ सालच्या आंतरराष्ट्रीय करारानं असा धंदा गुंडाळायला पंचवीस वर्षांची मुदत दिली. आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झाला. त्यात ‘गांजा’ म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसतं पान त्या व्याख्येबाहेर राहिलं. पण झाड मात्र, मग ते घरामागं एकच का असेना, विनापरवाना लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पान चालेल, झाड चालणार नाही, हे कोडं मी वर्गात कुणाला घातलं असतं तर पोरांनी मलाच वेड्यात काढलं असतं.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत साधू बसलेले दिसतात, चिलमीचा वासही येतो. दादूला मी एकदा तिथं घेऊन गेलो होतो. देवळाचं कोरीवकाम त्यानं फार बघितलं नाही. वैनगंगेच्या काठी बसून पाण्यात मासे किती असतील याचाच अंदाज घेत राहिला.

दादू आता नाही. त्याची सून अजून त्रिनाथाची पूजा करते. तेल आणि पान-सुपारी ठेवते.