पॉइंट तुमचे, पैसे कोणाचे?

"रोजच्या खर्चासाठी कोणतं क्रेडिट कार्ड घेऊ? जास्त पॉइंट कशावर मिळतात?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-चार वेळा तरी येतो. मी बँकेतला माणूस नाही, जुन्या हिशेबांचा इतिहास वाचायची खोड आहे एवढंच. म्हणून उत्तर जरा लांबून देतो. कार्डांची तुलना करूच, पण आधी हे पॉइंट कुठून आले ते बघू. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

भाजीवाल्या मावशी पिशवीत वर चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या टाकतात, ते आपल्याला फुकट वाटतं. मावशींना ते फुकट पडत नाही, आणि हे आपल्यालाही आतून माहीत असतं. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट आपण विसरतो, कारण मिरच्या टाकणारा हात दिसत नाही.

हा हात सगळ्यात आधी अमेरिकेत अदृश्य झाला. १८९६ साली तिथे स्पेरी अँड हचिन्सन नावाची कंपनी निघाली. ती दुकानदारांना छोटी हिरवी तिकिटं विकायची. गिऱ्हाइकाने दहा सेंटचा माल घेतला की दुकानदार एक तिकीट द्यायचा. बायका ती घरी नेऊन, थुंकी लावून वहीत चिकटवायच्या. एका वहीत १,२०० तिकिटं, म्हणजे वही भरायला १२० डॉलरची खरेदी. भरलेल्या वह्या द्यायच्या आणि कंपनीच्या कॅटलॉगमधून दिवा, टोस्टर, चादर असं काहीतरी घ्यायचं. १९६०च्या दशकात हे वेड इतकं वाढलं, की अमेरिकेच्या टपाल खात्यापेक्षा तिप्पट तिकिटं आपण छापतो असा कंपनीचा दावा होता.

आता दुकानदाराच्या बाजूने बघा. तिकिटांवर त्याच्या विक्रीचे साधारण दोन टक्के जायचे. पेठेत एकट्यानेच तिकिटं दिली तर गिऱ्हाईक त्याच्याकडे वळायचं आणि खर्च भरून निघायचा. पण शेजारच्यानेही सुरू केली की कोणालाच फायदा उरत नाही. बंद करायची तर गिऱ्हाईक जाण्याची भीती. मग तो खर्च हळूच मालाच्या भावात शिरतो. १९६६ मध्ये डेन्व्हर शहरातल्या गृहिणींच्या हे लक्षात आलं. वाढत्या महागाईविरुद्ध त्यांनी सुपरमार्केटवर बहिष्कार टाकला आणि तुमची तिकिटं, बक्षिसांचे खेळ बंद करा, भाव कमी करा, अशी मागणी केली. हे आंदोलन पाहता पाहता इतर शहरांत पसरलं. मला या बायकांचं फार कौतुक वाटतं. अर्थशास्त्राच्या जाड पुस्तकांआधी त्यांनी ही गोष्ट ओळखली होती.

इंग्लंडमध्ये टेस्को या दुकानांच्या साखळीने १९६३ पासून अशीच ग्रीन शील्ड तिकिटं दिली. १९७७ मध्ये एका झटक्यात ती बंद केली आणि वाचलेला पैसा भाव उतरवायला वापरला. गिऱ्हाईक पळालं का? उलट दुकानांत गर्दी उसळली.

तिकिटांची वही गेली, पण तिच्यामागची कल्पना गेली नाही. ती प्लास्टिकच्या कार्डात शिरली.

१९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबचं कार्ड निघालं. मालक पाकीट विसरला आणि त्याला कल्पना सुचली, ही गोष्ट सगळीकडे सांगतात, पण ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती. खरी कल्पना रुक्ष होती : हॉटेलवाल्याकडून बिलाचे ७ टक्के घ्यायचे. पुढे सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात ६०,००० घरांत न मागता कार्डं टपालाने पाठवून दिली. सुरुवातीला बुडीत खाती भरमसाट निघाली, तरी धंदा टिकला. हेच कार्ड पुढे 'व्हिसा' झालं.

इथवर कार्डावर बक्षीस नव्हतं, सोय होती. बक्षीस आलं विमानांमुळे. मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैल मोजून द्यायला सुरुवात केली आणि १९८७ मध्ये सिटीबँकेबरोबर कार्ड काढलं. आता मैल मिळवायला विमानात बसायची गरज उरली नाही, किराणा घेतला तरी चालेल. त्याआधी १९८६ मध्ये सीअर्स कंपनीने 'डिस्कव्हर' कार्ड आणून खर्चाचा थोडा भाग रोख परत द्यायला सुरुवात केली होती. आजचा कॅशबॅक तो हाच.

हे पैसे येतात कुठून? तुम्ही कार्ड घासता तेव्हा दुकानदाराच्या खात्यात पूर्ण रक्कम पोचत नाही. आपल्याकडे क्रेडिट कार्डावर साधारण दोन टक्के कापले जातात. त्याचा मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो आणि त्यातला तुकडा पॉइंट म्हणून तुमच्याकडे येतो. दुकानदार कार्डवाल्याला एक आणि रोखवाल्याला दुसरा भाव सहसा लावत नाही. म्हणजे रांगेत तुमच्या मागे रोख पैसे घेऊन उभी असलेली बाईही तुमच्या पॉइंटची वर्गणी भरते. अमेरिकेत बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये याचा हिशेब मांडला. रोखीने व्यवहार करणारं सरासरी घर वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे सरकवतं आणि कार्डवाल्या घराला वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात. यातली बरीच कार्डवाली घरं मुळात जास्त कमाईची.

काही देशांनी यात हात घातला. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये बँकांना मिळणारा हा वाटा जवळपास निम्म्यावर आणला, तेव्हा तिथल्या पॉइंट योजना लगेच आखडल्या. युरोपीय संघाने २०१५ मध्ये क्रेडिट कार्डासाठी ०.३ टक्क्याची मर्यादा घातली. म्हणून युरोपातल्या नातेवाइकांना विचारा, त्यांच्या कार्डावर आपल्यासारखी बक्षिसांची खैरात नसते.

आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाने 'सेंट्रलकार्ड' काढलं. १९९० नंतर परदेशी आणि खाजगी बँका उतरल्या आणि टाय घातलेली मुलं फॉर्म घेऊन ऑफिसांच्या दारात उभी राहू लागली. २००८ नंतर कर्जं बुडाली तशा बँका काही वर्षं सावध झाल्या. आज मात्र उलट चित्र आहे. २०२४च्या सुरुवातीला देशातल्या क्रेडिट कार्डांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला.

मधल्या काळात आपल्याकडे एक वेगळी गोष्ट घडली. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराकडून शुल्क घेणं बंद झालं. चहाच्या टपरीवर क्यूआर लागला तो यामुळे. पण २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. लहान दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यावर लागतं. म्हणजे महिन्याचा किराणा एकदम भरला की वाण्याचे पैसे कापले जातात. त्याच क्यूआरवर, तुमच्या पॉइंटसाठी. 'आज रोख, उद्या उधार' ही पाटी लावणाऱ्याच्या दुकानात आता उधारी बँक देते आणि त्याची दलाली वाणी भरतो.

बरं, आता तुलना. तुमचा महिन्याचा खर्च ३०,००० रुपये धरू. साध्या कार्डावर १५० रुपयांना २ पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे असेल, तर महिन्याला ४०० पॉइंट म्हणजे फक्त १०० रुपये. १ टक्का रोख परत देणाऱ्या कार्डावर ३०० रुपये, वर्षाला ३,६००. त्यातून वार्षिक फी १,००० आणि तिच्यावरचा जीएसटी १८० वजा केला की २,४२० उरतात. म्हणून पॉइंटची संख्या बघू नका, एका पॉइंटचे पैसे किती ते विचारा. पेट्रोलवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. अधिभार माफ करतात, पण त्यावरचा जीएसटी परत येत नाही. घरभाडं बऱ्याच बँकांनी पॉइंटमधून काढलं, वर शुल्क लावलं. विमानतळावरचं फुकट जेवणही आता बहुतेक ठिकाणी तिमाहीत ठरावीक खर्च केला तरच.

आणि एकदा बिल चुकलं तर? ३०,००० वर महिना ३.७५ टक्क्याने १,१२५ रुपये व्याज, त्यावर जीएसटी, म्हणजे सव्वातेराशे. उशिराचा दंड वेगळा. सहा महिन्यांची कमाई एका महिन्यात साफ. शिवाय बाकी राहिली की नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली. पेपरात आतल्या पानावर आली होती बातमी.

माझं मत विचाराल तर पूर्ण बिल वेळेवर भरणाऱ्याने बिनाफीचं एक कार्ड ठेवावं आणि ते मोठ्या मॉलमध्ये, ऑनलाइन, विजेच्या बिलाला वापरावं. कोपऱ्यावरच्या वाण्याला मात्र बँक खात्यातून यूपीआय करावं. ३,००० च्या किराण्यावर तुम्हाला ३० रुपये मिळतात आणि त्याचे ६० जातात, हा सौदा मला तरी पटत नाही.

तुमच्यापैकी कोणाचं दुकान असेल तर खाली नक्की लिहा : क्रेडिट कार्डाने यूपीआय झालं की महिन्याला किती कापले जातात आणि ते तुम्ही भावात धरता का?