जायकवाडीचे पाणी आणि पाहुणे

रोहित पक्ष्यांची छायाचित्रे पाहताना पैठणचा नाथसागर मानवनिर्मित आहे, याचा विसर पडतो. धरण मुळात बीड जिल्ह्यातील जायकवाडीला व्हायचे होते; जागा वर पैठणला सरकली, नाव मात्र त्या गावाचेच राहिले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले आणि १९८६ मध्ये येथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. पक्ष्यांसाठी हे धरण कोणी बांधले नव्हतेच! सपाट मुलखात पाणी पसरले, काठाला उथळ राहिले. रोहितांना, बदकांना, हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकदंबांना नेमके तेच हवे होते. ज्यांची गोदाकाठची काळीभोर शिवारे बुडाली, त्यांना मात्र उठावे लागले.

याच पैठणच्या सातवाहन हालाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त पक्षी सहसा एकटा येत नाही, शेत, नदी, राखण करणारी माणसे त्याच्या अवतीभवती असतात. आपली लांब पल्ल्याची भिंगे (आमचेही त्यात आले) नेमके एवढेच चौकटीबाहेर ठेवतात. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत कुणीतरी हरभरा पेरतो. पट्टकदंब तिथेही उतरतात, कोवळे शेंडे खुडतात. ते छायाचित्र आम्ही अजून कुठल्या प्रदर्शनात पाहिलेले नाही.