मदरशात अरबी व्याकरण कोणत्या पुस्तकांतून शिकवतात?

शाळेत संस्कृत घेतलं असेल तर 'रामः रामौ रामाः' आठवत असेल. निवासी मदरशातला मुलगाही असंच घोकतो: 'फअल, फअला, फअलू'. म्हणजे त्याने केलं, त्या दोघांनी केलं, त्या सगळ्यांनी केलं. संस्कृतसारखं अरबीतही द्विवचन आहे. भूतकाळाची अशी 14 रूपं चालवायची, याला 'गर्दान' म्हणतात.

या व्याकरणाचे दोन भाग आहेत. शब्द कसा घडतो ते 'सर्फ' सांगतं. हुकूम, हकीम, हुकूमत हे मराठीत रुळलेले शब्द ह-क-म या एकाच धातूपासून आलेत, हे सर्फमधून कळतं. वाक्यात शब्दाचा शेवट का बदलतो, ते 'नह्व' सांगतं. कर्ता असेल तर 'जैदुन', कर्म असेल तर 'जैदन'. (आपल्या व्याकरणात राम रावणाला मारतो, तसा अरबी व्याकरणात जैद अम्रला मारतो. शेकडो वर्षं मारतोच आहे.)

अरबीसाठी आधी फारसी?

महाराष्ट्रातल्या अनेक निवासी मदरशांत 'दर्से निजामी' हा अभ्यासक्रम चालतो. लखनौच्या फिरंगी महलातले मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्यावरून हे नाव पडलं. सर्फची सुरुवात 'मीजान'ने होते, नह्वची 'नह्वमीर'ने. नह्वमीर लिहिणारे मीर शरीफ जुर्जानी 1413 मध्ये वारले. गंमत म्हणजे ही दोन्ही पुस्तकं मुळात फारसीत आहेत. बारामती-इंदापूरकडून गेलेला, मराठी आणि दखनी बोलणारा मुलगा आधी उर्दू शिकणार, मग थोडी फारसी आणि मग अरबी.

पुढे 'हिदायतुन्नह्व' आणि इब्न हाजिब (मृत्यू 1249) यांचं 'काफिया' ही पुस्तकं येतात, तीही अरबीत. काफिया इतकं आटोपशीर आहे की टीकेशिवाय उलगडत नाही. तिची प्रसिद्ध टीका 'शरह जामी'. फारसी कवी जामींनी ती आपल्या मुलासाठी लिहिली.

सर्फच्या 'इल्मुस्सीगा'ची गोष्ट वेगळीच आहे. 1857 च्या उठावानंतर मुफ्ती इनायत अहमद काकोरवी यांना इंग्रजांनी अंदमानात धाडलं. हे पुस्तक त्यांनी तिथे कैदेत लिहिलं.

बोलता येतं का?

जुन्या पुस्तकांतून तयार झालेला विद्यार्थी अवघड ग्रंथातल्या शब्दाचं रूप चटकन ओळखतो, पण साधं संभाषण करताना अडखळतो. ही टीका खुद्द उलेमांमधूनही झाली. लखनौच्या 'नदवा'चे अली मियाँ यांनी मुलांसाठी 'कससुन्नबिय्यीन' या पैगंबरांच्या सोप्या अरबी गोष्टी लिहिल्या. तमिळनाडूच्या वाणियंबाडीचे डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांनी मदिना विद्यापीठासाठी तीन भागांचं पुस्तक केलं. त्यात घर, दार, पेन अशा रोजच्या वस्तूंपासून सुरुवात होते आणि नियम वाक्यांतून उमगत जातात. नव्याने अरबी शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, असं मला वाटतं. पण काफियाच्या तोडीची बारकाई त्यात मिळणार नाही.

फारसीचा वळसा मात्र आता टाळता येतो. देवबंदचे मुफ्ती सईद अहमद पालनपुरी (मृत्यू 2020, मुंबई) यांची 'आसान सर्फ' आणि 'आसान नह्व' ही पुस्तकं थेट उर्दूत आहेत.