चिकट पुराण

मोहोळ म्हणजे मधाचं पोळं. गावाचं नावच असं असल्यावर चिकटपणावर चार शब्द बोलायचा अधिकार आम्हा मोहोळकरांना जन्मतःच मिळालेला आहे. बाभळीचा डिंक आणि पिठाची खळ यांवर आमच्या पिढ्या सुखात गेल्या. अडचण एकच, लावा आणि वाळेपर्यंत दाबून बसा! नुसतं बोट दाबलं की चिकटणारी, कधी वाळायचं नावच न घेणारी पट्टी आली ती रबरामुळं.

1845 साली अमेरिकेत शेकट आणि डॉ. डे या जोडीनं अशा मलमपट्टीचं पेटंट घेतलं. रबर, पाइनची राळ, टर्पेंटाइन आणि चक्क मिरचीचा अर्क! हे वाचून कुठल्या सोलापूरकराचा ऊर भरून येणार नाही?

खरी गंमत रबर आणि राळेच्या संसारात आहे. रबर स्वतःला धरून ठेवतं, पण दुसऱ्याला धरत नाही. राळ दुसऱ्याला धरते, पण स्वतः ठिसूळ. म्हणून कारखान्यात रबर रुळांतून मळून द्रावकात विरघळवतात, त्यात राळ मिसळतात, कापडावर थर देतात आणि गरम हवेनं द्रावक उडवून लावतात.

हँबुर्गच्या ट्रॉप्लोविट्झ यांची एक पट्टी कातडीला सोसेना. गृहस्थ खमके! 1896 साली त्यांनी ती सायकलच्या पंक्चरसाठी विकली. 1901 साली झिंक ऑक्साइड घातलेली सौम्य 'ल्युकोप्लास्ट' माणसांच्या वाट्याला आली.

1925 साली रिचर्ड ड्र्यू यांनी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी पट्टी काढली. पहिल्या नमुन्यात चिकटद्रव्य फक्त कडांना. ती गळून पडली, तेव्हा रंगारी वैतागून म्हणाला म्हणे, "तुमच्या स्कॉच मालकांना सांगा, जरा हात सैल सोडा!" मालक चिकट, म्हणून पट्टी बिनचिकट. 'स्कॉच टेप' हे नाव त्यावरून पडलं, असं सांगतात. पारदर्शक टेप 1930 साली आली आणि कागदपत्रांत शिरली.

इथं मात्र हसू आवरतं घ्यावं लागतं. ऊन, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन हे रबराचे तीन वैरी, आणि मोहोळात तिन्ही मुबलक. आमच्या वडिलांनी जमिनीचं फाटलेलं खरेदीखत अशाच टेपनं जोडलं होतं. दरवर्षीच्या उन्हाळ्यात चिकटद्रव्य पिवळं पडत, तेलकट होऊन कागदात मुरत गेलं. शेवटी टेप गळाली, डाग राहिला, आणि नेमका गट नंबर त्या डागाखाली. नक्कल काढायला दोन वर्षं आणि तीन चपला झिजल्या.

त्याच दप्तरात आजोबांनी खळीनं जोडलेला कागद आहे. कोपरा कसरीनं खाल्लाय, पण अक्षर न्‌ अक्षर वाचता येतं.