तळटीप ३ : ‘मांजरीचा मळा’

३. हा मळा जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांचा. हडपसरला लागून असलेल्या मांजरीत त्यांची सुमारे ६० एकर शेती होती. वडील गोविंदराव पुण्यात भाजीचे दुकान चालवीत. जोतीरावांनी १८६३च्या सुमारास धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याचा धंदा सुरू केला. पुढे सरकारी बांधकामांची कंत्राटेही घेतली. १८७६ ते १८८३ ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. अशा सभासदाला तेव्हा म्युनिसिपल कमिशनर म्हणत. आजच्या आयुक्तपदाशी त्याची गल्लत करू नये. महापौरपद तर पुण्यात १९५० साली महानगरपालिका झाल्यानंतरचे.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर नगरपालिकेने हजार रुपये खर्चावेत, असा प्रस्ताव आला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. विरोधात मत पडले ते त्यांच्या एकट्याचे. ज्याची नेमणूक सरकारने केली आणि ज्याने सरकारी कंत्राटे घेतली, त्याने हे करावे, याचे मोल आमच्या मते त्यांच्या शाळांच्या कामाहून कमी नाही.

१९ ऑक्टोबर १८८२च्या, हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशीच दिली आहे. पत्ता जुना गंज पेठेचा. ‘शेतकऱ्याचा असूड’मधील धरणे व पाण्याविषयीचा भाग वाचकांनी ही ओळख ध्यानात ठेवून वाचावा.