शेजार वसविणारे दोन लेख

वृत्तपत्रांतील लेखांमुळे वसाहत उभी राहिल्याचे उदाहरण विरळाच. डेन्मार्क देशात ते घडले. तेथील वास्तुविशारद यान गुडमन-हॉयर यांनी स्नेह्यांसह 1964 साली कोपनहेगनजवळ हारेस्कोव येथे जमीन घेतली. मध्ये एक सामाईक गृह व सभोवती बारा घरे, अशी त्यांची योजना होती. बिऱ्हाडे स्वतंत्र, भोजन, मुलांचा सांभाळ इत्यादींत मात्र परस्परांचा आधार. परंतु इतकी मुले एकत्र आल्यास गलका होईल, या भीतीने आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला आणि योजना बारगळली. ज्या मुलांसाठी हा खटाटोप, त्यांचीच अडचण व्हावी, हे नवल!

पुढे 1967 साली लेखिका बोडिल ग्रो यांनी ‘पोलिटिकेन’ या दैनिकात, मुलांना शंभर आईबाप असावेत, अशा आशयाच्या मथळ्याचा लेख लिहिला. पन्नासांहून अधिक कुटुंबे पुढे आली. 1968 साली गुडमन-हॉयर यांचाही लेख प्रसिद्ध होऊन नव्या इच्छुकांची भर पडली. अखेर 1972 मध्ये सेटेडामेन येथे 27 व 1973 मध्ये स्क्रोप्लानेट येथे 33 घरांच्या वसाहती नांदू लागल्या.

हे वाचताना ज्ञातिबांधवांस मुंबईतील गावदेवीची आठवण होईल. तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था 1915 सालीच स्थापन झाली. मात्र तेथील सभासदांस ज्ञातीचे नाते आयते लाभले होते. डेन्मार्कमधील कुटुंबांस ते नव्हते. एकत्र भोजनाची पंगतच त्यांना आधी मांडावी लागली.